टीव्ही धडधाकट, पण डोकं मंद: स्टिक घ्यावी की नको?

चष्मेबहाद्दर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात तीन आठवडे धुसफूस चालू आहे, म्हणून शेवटी इथे टाकतोय.

आमचा टीव्ही २०१६ सालचा. चाळीस इंची, फुल एचडी, 'स्मार्ट' म्हणून कौतुकाने आणलेला. चित्र अजूनही झकास. कुठे रेघ नाही, की एखादा ठिपका मेलेला नाही. पण डोकं पार बसलंय. होमचं बटण दाबल्यावर पडद्यावर काही उमटायला किती वेळ लागतो हे मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं: ४७ सेकंद. त्यानंतर अ‍ॅप उघडायला जवळपास तेवढेच. गेल्या महिन्यात एका अ‍ॅपने 'या उपकरणावर आता चालणार नाही' अशी पाटी लावली आणि गाशा गुंडाळला. जे अ‍ॅप चालतं, ते रात्री नेमकं ऐन रंगात आल्यावर गोल गोल फिरत बसतं.

मुलगा म्हणतो, स्टिक घ्या (टीव्हीच्या मागे खोचायचं ते छोटं स्ट्रीमिंग यंत्र), प्रश्न मिटला. बायको म्हणते, या घरात आता आणखी एक रिमोट येणार नाही. आई काहीच म्हणत नाही, पण तिला रिमोटवरची तीनच बटणं माहीत आहेत: चालू, आवाज आणि 'ते मागे जायचं'.

स्टिक किंवा छोटा खोका, जे काही म्हणतात ते, घेऊन खरंच फरक पडतो का? की जुन्या अंगाला नवं टोपडं?

---

उगाचच

नवा टीव्ही घ्या. विषय संपला.

---

खुंटी

चष्मेबहाद्दर, तुम्ही एकाच पेशंटचे तीन वेगवेगळे आजार सांगताय आणि औषध मात्र एकच मागताय.

४७ सेकंद लागतात ते टीव्हीच्या आतल्या प्रोसेसरमुळे. तो घेतला तेव्हाच बेताचा होता आणि दरम्यान अ‍ॅप्स अंगाने वाढत गेली. यावर स्टिक हा इलाज आहे, कारण स्टिक लावली की टीव्हीचं डोकं वापरायचंच नसतं, फक्त काच वापरायची.

अ‍ॅप बंद पडलं ते सपोर्ट संपल्यामुळे. यावरही स्टिक चालेल. हे काही तुमच्याच टीव्हीच्या नशिबी आलेलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर आणि जुन्या रोकू खोक्यांवर चालणं थांबवलं होतं. टीव्ही उत्तम चालत होते, फक्त ते अ‍ॅप गेलं.

रात्री गोल फिरतं ते मात्र बहुतेक वायफायचं दुखणं आहे. तिथे स्टिक आणलीत तर फिरायचं थांबणार नाही, फक्त नव्या रंगात फिरेल. म्हणून खरेदीआधी एक काम करा. रात्री, नेमकं ज्या वेळी अडकतं त्या वेळी, मोबाइल टीव्हीच्या अगदी पाठीमागे धरा आणि स्पीड टेस्ट करा. सोफ्यावर बसून नाही, टीव्हीच्या पाठीमागे! नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी इंटरनेटचा वेग ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ सांगतं. त्याहून कमी किंवा जेमतेम तेवढाच असेल तर आधी राउटरकडे बघा.

---

रफूवाली

खुंटींशी सहमत. त्यात माझी एक भर: काहीही विकत न घेता सगळं तपासता येतं. घरात लॅपटॉप असेलच. एक एचडीएमआय केबल घ्या, लॅपटॉप टीव्हीला जोडा, टीव्हीवर सोर्स बदला आणि ब्राउझरमधून तेच अ‍ॅप चालवा. आठवडाभर असं बघा. तेव्हा कळतं की आपल्याला नक्की काय खुपत होतं.

आमच्याकडे असं केल्यावर लक्षात आलं की आम्ही आठवड्यातून दोनदाच काहीतरी बघतो. केबलच राहू दिली. स्टिक आजतागायत घेतलेली नाही. दिसायला गबाळं दिसतं, मान्य. पण धूळ पुसताना बाजूला करता येतं.

आणि मुलाकडे गेमिंग कन्सोल आहे का? असेल तर त्यातही ही अ‍ॅप्स असतात. बऱ्याच घरांत स्टिक घेतल्यावर हे आठवतं.

---

उगाचच

एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा नवा टीव्ही. पुन्हा सांगतोय.

---

पाचवामजला

@उगाचच, नवा टीव्ही पाच-सहा वर्षांनी पुन्हा असाच मंद होणार, तेव्हा काय करणार? काच दहा-बारा वर्षं टिकते, आतली चिप तेवढी टिकत नाही. दोघांचं लग्न लावून दिलंय म्हणून एक थकला की दुसऱ्यालाही घराबाहेर काढायचं का? मी तर उलट म्हणेन, नवा टीव्ही घ्यायची वेळ आली तरी तो चित्र बघून घ्यावा, आतली अ‍ॅप्स बघून नाही. अ‍ॅप्सची सोय बाहेरून होते.

आता धागाकर्त्यांसाठी. घेतलीत तर एक चूक करू नका, मी केली होती. स्टिकसोबत भिंतीच्या प्लगात लावायचा अ‍ॅडाप्टर येतो. मला वाटलं, टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक आहेच, त्यातच वायर खोचली की झालं, भिंतीवर लोंबणारी वायर दिसायला नको. सुरुवातीला छान चाललं. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून सिनेमाच्या ऐन मध्यात स्टिक आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायची, लोगो दाखवायची. मी अ‍ॅप काढून टाकलं, परत टाकलं, फॅक्टरी रीसेट केलं, दोन वेळा सगळे पासवर्ड त्या छळवादी ऑनस्क्रीन कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत टाइप केले. शेवटी भाच्याने येऊन वायर टीव्हीतून काढली, भिंतीत लावली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही.

कारण असं: टीव्हीवरचं साधं यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतं. स्टिकला काम वाढलं की त्याहून जास्त लागतं. शिवाय टीव्ही बंद केला की बऱ्याच टीव्हींचं ते पोर्टही बंद होतं, म्हणजे दर वेळी स्टिकला झोपेतून नाही, थेट मेलेल्या अवस्थेतून उठावं लागतं.

---

वाचनमात्र

तीन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला प्रतिसाद. माझ्याकडेही अगदी हेच होत होतं आणि मी स्टिक खराब म्हणून कपाटात टाकून दिली आहे. आता काढून बघतो.

---

वाचनमात्र

चालतेय!!

---

पाचवामजला

😄 भाच्याला कळवतो.

---

तारेवरचीकसरत

नवा टीव्ही नको हे मान्य, पण पाचवामजला म्हणतात तसं 'सोय बाहेरून होते' हे अर्धंच खरं. बाहेरच्या सोयीलाही वय असतं. गूगलचं क्रोमकास्ट, हेही टीव्हीत खोचायचंच यंत्र, २०१३ मध्ये आलं तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने ती मालिकाच बंद केली आणि जागी 'गूगल टीव्ही स्ट्रीमर' आणला. मग मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी अडली. यंत्र बिघडलं नव्हतं, आतल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. काही दिवसांनी गूगलने दुरुस्ती पाठवली, पण तोवर लोकांनी कितीतरी केबली बदलल्या असतील, राउटर बंद-चालू केले असतील. आणि काहींनी घाईने फॅक्टरी रीसेट केलं, ते जास्तच अडकले.

तेव्हा स्टिक म्हणजे कायमचा तोडगा समजू नका. चार-पाच वर्षांची बेगमी समजा.

घेताना पडद्यामागची एक गोष्ट बघा: मेमरी. स्वस्तातल्या बऱ्याच स्टिकमध्ये साठवण ८ जीबी असते आणि त्यातली बरीचशी सिस्टीमनेच आधी अडवलेली असते. उरलेल्यात सात-आठ अ‍ॅप्स टाकली की 'जागा कमी आहे' सुरू. टीव्ही फुल एचडी असला तरी ४के वालं मॉडेल बघा असं मी सांगेन, ४के साठी नाही, तर त्यात सहसा प्रोसेसर आणि रॅम बरी असते म्हणून. चित्र टीव्हीच्या मापाचंच दिसेल, पण मेनू चटचट हलेल.

---

खुंटी

हे बरोबर. आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवालं आहे ना हेही बघा. वायफायच्या २.४ आणि ५ अशा दोन वाटा असतात आणि जुन्या स्मार्ट टीव्हींपैकी कित्येक फक्त २.४ वर चालतात. २.४ लांब पोचतं, भिंतीतून जातं, पण शेजारपाजारचे सगळे राउटरही त्याच गल्लीत. ५ वर गर्दी कमी, वेग जास्त, पण मध्ये जाड भिंत आली की मान टाकतं. म्हणूनच म्हटलं, मोबाइल टीव्हीच्या पाठीमागे धरा.

---

शांतरात्र

मी तांत्रिक बाई नाही, पण सासूबाईंसाठी हे सगळं करून बसले आहे, म्हणून लिहिते. वहिनींचा 'आणखी एक रिमोट नको' हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे टीव्हीचा एक, केबलच्या खोक्याचा एक, साउंडबारचा एक, स्टिकचा एक असे चार झाले होते. सासूबाई रोज संध्याकाळी चारही ओळीने मांडून बसायच्या आणि कोणीतरी खोलीत येईपर्यंत काळ्या पडद्याकडे बघत राहायच्या. हाक मारायला त्यांना संकोच वाटायचा. हे मला फार उशिरा कळलं.

नंतर सापडलेला उपाय म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमधलं एचडीएमआय-सीईसी. ते चालू केलं की स्टिकच्या रिमोटवर बटण दाबताच टीव्ही स्वतः चालू होतो आणि सोर्सही स्वतः बदलतो. गंमत म्हणजे सेटिंगमध्ये 'सीईसी' हा शब्दच सापडत नाही. प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलंय: सॅमसंगवर अ‍ॅनिनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. मी अर्धा तास शोधत होते.

बाकीचे तीन रिमोट खणात टाकले. उरलेल्या एकावर चालू बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि मागे जायच्या बटणावर पांढरा. व्हॉइसचं बटण मात्र चुकून दाबलं जातं, त्यावर पट्टी चिकटवली तरी चालेल.

---

चष्मेबहाद्दर (धागाकर्ता)

@शांतरात्र, ताई, 'हाक मारायला संकोच' हे वाचून मी उठून आत जाऊन आलो. आई खरंच अंधारात बसली होती. पडदा काळा, कोपऱ्यात 'नो सिग्नल' इकडून तिकडे फिरतंय. म्हणाली, "तू कामात होतास ना."

आज रात्री स्पीड बघतो.

---

रफूवाली

🙁

---

दुसरीबाजू

इथे सगळे वेगाबद्दल बोलताहेत, म्हणून एक कटू विषय. टीव्ही तुम्ही काय बघता हे बघत असतो. पडद्यावरच्या चित्राचे तुकडे ओळखून कोणता कार्यक्रम लागलाय हे कंपनीला कळवायचं, याला एसीआर म्हणतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १.१ कोटी टीव्हींवर न विचारता हे केलं म्हणून २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. तेव्हा स्टिक घेतलीत तर टीव्हीचं वायफाय सरळ बंद करा, टीव्हीला नुसता पडदा राहू द्या.

---

उगाचच

आणि स्टिक काय डोळे मिटून बसते?

---

दुसरीबाजू

नाही. तीही बघते. पण दोघांनी बघण्यापेक्षा एकाने बघितलेलं बरं. स्टिकच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन वापराची माहिती आणि जाहिरातींचे जे पर्याय असतात, ते पहिल्याच दिवशी बंद करा. नंतर करू म्हटलं की होत नाही.

---

उगाचच

पहिल्यांदा पटलं तुमचं.

---

तारेवरचीकसरत

'सगळी चॅनेल्स कायमची मोफत' म्हणून जे बिननावाचे खोके मिळतात त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या व्हायरसग्रस्त उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात असे अँड्रॉइड खोके होते ज्यांत व्हायरस कारखान्यातूनच भरून येतो किंवा पहिल्या सेटअपच्या वेळी शिरतो. तुम्ही मालिका बघताय आणि तुमच्या इंटरनेटवरून तिसराच कोणीतरी आपले धंदे करतोय.

ते सोडलं तरी चित्राचा मुद्दा आहेच. चोरी होऊ नये म्हणून अँड्रॉइड उपकरणांत वाइडव्हाइन नावाचं कुलूप असतं. ज्या खोक्याला त्याची वरची पायरी, म्हणजे एल१, मिळालेली नाही, त्याच्यावर नेटफ्लिक्स ४८०पी, म्हणजे साध्या दर्जाच्या चित्राच्या वर जात नाही. खोक्यावर '८के' असं ठळक छापलेलं असलं तरी.

---

पाचवामजला

थोडं अवांतर: स्टिक लावल्यावर कॅमेरा संथ आडवा फिरतो अशा दृश्यांत चित्र किंचित धक्के खात असेल तर डोळ्यांचा दोष समजू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि स्टिक पाठवते ६०. साठाला चोविसाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवावं लागतं. सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' असं काहीतरी असतं, ते चालू करा. सगळी अ‍ॅप्स ते पाळत नाहीत, पण जी पाळतात त्यांत फरक दिसतो. माझ्या बायकोला दिसत नाही. मला दिसतो आणि मी बोलून दाखवतो, हा आमच्याकडचा वेगळा धागा.

---

चष्मेबहाद्दर (धागाकर्ता)

अहवाल.

रात्री साडेनऊला मोबाइल टीव्हीच्या पाठीमागे धरला: ३.८ एमबीपीएस. तसाच चालत राउटरपाशी गेलो: ६२. मधलं अंतर अकरा पावलं. आणि मध्ये काय आहे? लोखंडी कपाट. राउटर वायरी दिसू नयेत म्हणून कपाटाच्या मागे, जमिनीवर. तिथे मीच ठेवला होता, चार वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

राउटर कपाटाच्या वर ठेवला. टीव्हीमागे ३१. गोल फिरणं त्या रात्रीपासून बंद. खुंटी, तुम्हाला साष्टांग.

म्हणजे स्टिक न घेताच अर्धं दुखणं गेलं. मुलगा जरा हिरमुसला. पण ते ४७ सेकंद होतेच आणि गेलेलं अ‍ॅपही परत आलं नाही. लॅपटॉपची केबल लावून चार दिवस बघितलं. मला चाललं, पण आईला लॅपटॉपचा माउस धरायला लावणं मला जमेना. मग एका मित्राकडची स्टिक शनिवार-रविवारपुरती मागून आणली.

सीईसी सापडलं. आमच्या टीव्हीवर ते 'सिस्टीम' मध्ये, सगळ्यात खाली, झोपायच्या टायमरच्या शेजारी लपलं होतं. वायर भिंतीत लावली (पाचवामजला, ऐकलं हो). टीव्हीचं वायफाय बंद केलं. पडद्याच्या कडा कापल्या जात होत्या, वरची घड्याळाची ओळ अर्धी दिसायची. ते टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' केल्यावर नीट झालं. ही गोष्ट इथे कोणी लिहिली नव्हती, म्हणून नोंदवतो.

आता होम स्क्रीन येते दोन-तीन सेकंदांत. स्टॉपवॉच लावायला गेलो तर बायको म्हणाली, पुरे.

---

शांतरात्र

आणि आई?

---

चष्मेबहाद्दर (धागाकर्ता)

तेच सांगायला आलो होतो.

लाल ठिपका दिला. पट्टी लावायची राहिली. पहिल्याच संध्याकाळी तिचा अंगठा व्हॉइसच्या बटणावर पडला. पडद्यावर खाली रेघ थरथरायला लागली आणि टीव्ही ऐकायला लागला. तिला वाटलं, कोणीतरी काहीतरी विचारतंय. म्हणाली, "काही नको मला."

टीव्हीने 'काही नको मला' हे शोधलं आणि ओळीने बारा-पंधरा गाणी आणि नाटकाचे तुकडे समोर मांडले. ती बराच वेळ बघत राहिली. मग त्यातलं तिसरं लावलं.

पट्टी लावायची गरज नाही असं ठरलंय. आता ती रिमोट तोंडाशी फोनसारखा धरते आणि आधी "हॅलो" म्हणते. तेही तो शोधतो बिचारा.

---

रफूवाली

मी स्टिक घेतेय. आईसाठी.

---

खुंटी

रफूवालीताई, केबल पक्षातून फुटलात!

चष्मेबहाद्दर, घेताना फक्त एवढं करा. तुम्ही प्रत्यक्षात बघता ती अ‍ॅप्स कागदावर लिहा आणि त्यातलं प्रत्येक त्या उपकरणावर आहे का ते त्या-त्या अ‍ॅपच्या मदतीच्या पानावर जाऊन बघा. खोक्यावरच्या चित्रांवर जाऊ नका. फोनवरचं टीव्हीवर दाखवायचं असेल आणि घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर एअरप्ले चालतं का ते बघा, अँड्रॉइड असतील तर कास्ट. बाकी मित्राची जी दोन दिवस चालली, तीच घ्या. आईंचा अंगठा आता त्या रिमोटला बसलाय.

---

उगाचच

माझा नवा टीव्हीचा सल्ला मागे घेतो. तात्पुरता.

---

चष्मेबहाद्दर (धागाकर्ता)

तीच मागवली, ४के वाली, बुधवारपर्यंत येईल. अडचण एकच आहे. मित्र आत्ता दारात उभा आहे, त्याची स्टिक न्यायला. आत जाऊन आईला सांगितलं. तिने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "त्यांना बसायला सांग ना, अजून वीस मिनिटं आहेत याची."

तो बसलाय. तोही बघतोय.